स्टॅम्प पेपरवर लग्न मोडत नाही

"आमची फारकत झालीय, नोटरीपण केलीय." घटस्फोटाच्या कामात असलेल्या कुठल्याही वकिलाला हे वाक्य नवं नाही. कागद मोठा देखणा असतो: दोन्हीकडच्या चार जाणत्यांच्या सह्या, 'यापुढे एकमेकांवर हक्क नाही, मुलं आईकडे राहतील, पोटगी एकरकमी पोचली' असा मजकूर आणि खाली नोटरीचा गोल शिक्का. स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा, एवढ्यावर लग्न सुटत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्ध, जैन आणि शीख समाजांनाही लागू आहे आणि त्याखाली घटस्फोट होतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच. कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या काडीमोडीला जागा आहे, पण ती रूढी जुनी आणि अखंड चालत आलेली असल्याचं कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. "आमच्यात चालतं" म्हणून भागत नाही.

या कागदाच्या भरवशावर कोणी दुसरं लग्न केलं, तर ते लग्न शून्यवत ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. अशा लग्नातली मुलं मात्र कायद्याने औरसच मानली जातात, हे बरं आहे. पंचांच्या निवाड्यानेही लग्न सुटत नाही. जातपंचायतीचं ऐकलं नाही म्हणून कुटुंबाला वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

याच गैरसमजाचं दुसरं रूप म्हणजे "सात वर्षं वेगळे राहिलो, आता आपोआप घटस्फोट". आपोआप काहीच होत नाही. सात वर्षांचा उल्लेख कायद्यात आहे, पण तो जोडीदाराचा ठावठिकाणाच लागत नसेल त्याबद्दल. तिथेही अर्ज करावाच लागतो. सोडून गेल्याच्या कारणावर दोन वर्षांनी दावा लावता येतो, तोही कोर्टातच.

परस्पर संमतीचा मार्ग त्यामानाने सरळ. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं. त्यानंतर दोघांनी मिळून अर्ज द्यायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा हजर व्हायचं. हे सहा महिने थांबलंच पाहिजे असं नाही. समेटाची शक्यता उरली नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं मिटलं असेल, तर कोर्ट ते माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. पहिल्या अर्जावर सही केली म्हणजे अडकलो, ही भीतीही खोटी. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते.

मग येतो पैसा. "घटस्फोट घेतला की बायको अर्धी इस्टेट नेते," असं पुरुष एकमेकांना सांगत असतात. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. ते खरं आहे गोव्यात. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि निम्मा हिस्सा पत्नीचा असतो. इकडे पत्नीचं हक्काचं ते स्त्रीधन, तिच्या नावावरची मालमत्ता आणि कोर्ट ठरवेल ती पोटगी.

पोटगीचं गणित पगाराच्या स्लिपवर संपत नाही. २०२० च्या एका निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पत्नी नोकरी करते एवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही आणि हिंदू विवाह कायद्याखाली गरजू पतीही पोटगी मागू शकतो. मुद्दाम नोकरी सोडली तर कोर्ट कमावण्याची कुवत पाहतं.

पोटगी टाळण्याचा पुढचा सल्ला मात्र खास कट्ट्यावरचा: "दिवाळखोरी जाहीर कर, सगळं सुटेल." दिवाळखोरीबद्दल आपल्याकडे माहिती कमी आणि अफवा जास्त. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग आजवर लागू झालाय तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकीच्यांसाठी ब्रिटिश काळातले कायदे, मुंबई शहराला १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा. कर्ज पाचशे रुपयांचं असलं तरी अर्ज करता येतो, यावरून त्यांचं वय कळावं. त्याच १९२० च्या कायद्याचं कलम ४४ सांगतं की दिवाळखोर कर्जमुक्त झाला तरी फौजदारी प्रक्रियेखाली ठरलेल्या पोटगीतून सुटत नाही.

जप्तीतही हाच कल दिसतो. समजा, जप्तीसाठी धरला जाणारा पगार ३१,००० रुपये आहे. सावकाराच्या किंवा बँकेच्या हुकूमनाम्यात पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित, म्हणजे फार तर १०,००० जप्त होतात. पोटगीच्या हुकूमनाम्यात सुरक्षित राहतो तो फक्त एक तृतीयांश. म्हणजे वीस हजारांहून जास्त हात लावण्याजोगे. कर्ज थकलं तर स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्मरूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारा दागिना जप्त होत नाही. मंगळसूत्र न्यायला येतील ही धास्ती त्यामुळे बाळगू नका.

नवऱ्याचं कर्ज बायकोवर येतं का? सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तिची सही असेल तरच. पण सही असेल, तर घटस्फोटाच्या कागदात "घराचे हप्ते पती भरेल" असं लिहून बँक बांधली जात नाही. त्याने हप्ते थकवले की नोटीस तिलाही येते. संमतीपत्र करतानाच बँकेला लिहून कर्जातून नाव कमी करून घ्या, किंवा घर विकून खातं बंद करा. भावना निवळायची वाट पाहण्यासारखं हे काम नाही.

मुलांच्या ताब्याबद्दल: पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, पण अंतिम निकष मुलाचं हित, कोणाचा पगार मोठा हा नव्हे.

आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी स्टॅम्प पेपरवर सही करू नये. विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पुरुषाला साधारणपणे उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. जिल्हा न्यायालयात कार्यालय असतं, फोन १५१००. सही करायच्या आधी तिथे जा.