डेटा कुणी लिहिला? स्वीडनच्या पाद्र्यांच्या वह्या आणि आपण

तर झालं असं, की पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये माझ्या वाट्याला ओव्हरकालिक्सचा पेपर आला. एपिजेनेटिक्स वाचणाऱ्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं असतं. ओव्हरकालिक्स हा उत्तर स्वीडनमधला एक दुर्गम भाग. तिथं १८९०, १९०५ आणि १९२० साली जन्मलेल्या माणसांचे मृत्यू आणि त्यांच्या आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या लहानपणची सुगी किंवा दुष्काळ, यांचा संबंध काती, ब्यूग्रेन आणि सहकाऱ्यांनी तपासला. वडिलांच्या वडिलांना वयात येण्याआधीच्या काही वर्षांत भरपूर खायला मिळालं असेल, तर नातवंडांत मधुमेहाशी संबंधित मृत्यू जास्त दिसतात, असा २००२ सालच्या पेपरचा निष्कर्ष होता.

मी स्लाइड्स छान केल्या होत्या. मेथिलेशन वगैरे सगळं. शेवटी मॅडमनी एकच विचारलं, "आजोबा कोण, नातू कोण, हे कुणी लिहून ठेवलं होतं गं?" मी म्हणाले, पॅरिश रजिस्टर. "म्हणजे काय?" मला येईना.

पिकांची माहिती जुन्या सरकारी नोंदींतून आली होती. पण जन्म, मृत्यू आणि नाती चर्चच्या वह्यांतून. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती, आणि या वह्या लिहिणारे होते तिथले ल्युथरन पाद्री. त्यांना हे काम का होतं, हे शोधताना मी थेट १५२९ सालात पोचले. त्या वर्षी मार्टिन ल्युथरने छोटी कॅटेकिझम लिहिली. कॅटेकिझम म्हणजे श्रद्धेची प्रश्नोत्तरी: आज्ञा, श्रद्धेची कबुली, प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, आणि प्रत्येक तुकड्यानंतर त्याचा अर्थ विचारणारा प्रश्न. श्रद्धा पाद्र्याने लॅटिनमध्ये पुटपुटून चालणार नाही, शेतकऱ्याला आणि मोलकरणीला ती आपल्या भाषेत कळली पाहिजे, आणि घरच्या कर्त्याने ती घरातल्यांना शिकवली पाहिजे, असा त्याचा आग्रह.

आता "कळली पाहिजे" म्हटलं की "कळली की नाही ते तपासा" हे आलंच. स्वीडनच्या १६८६ च्या चर्च कायद्याने पाद्र्यांवर हे काम टाकलं. पाद्री गावोगाव फिरायचा, एखाद्या घरी आसपासची कुटुंबं जमायची, मालक, मालकीण, पोरं, गडी, सगळी. तो एकेकाला पुस्तकातून वाचायला लावायचा, कॅटेकिझम म्हणून घ्यायचा, अर्थ विचारायचा. नंतर जेवण. विनोदी वाटेल, पण माणसांसाठी ते गंभीर होतं: कॅटेकिझम येत नसेल तर प्रभुभोजन नाही, आणि लग्नही अडायचं.

या परीक्षेची वही कुटुंबवार असायची. नाव, जन्मतारीख, कुठून आला, कुठे गेला; वाचन, पाठांतर आणि समज यांसाठी रकाने; पुढे देवीच्या लशीचाही रकाना आला; आणि वर्तनाबद्दल शेरा. शिवाय जन्म, लग्न, मृत्यूच्या वह्या वेगळ्या. १७४९ पासून पाद्री यांतूनच लोकसंख्येचे तक्ते भरून वर पाठवू लागले. आपण ज्याला लॉंगिट्यूडिनल कोहॉर्ट म्हणतो, तो इथे कुणी आखलेलाच नव्हता. आत्म्याची काळजी घेण्याच्या नादात तो तयार झाला!

इतिहासकार एगिल योहान्सन यांनी याच वह्यांतून दाखवलं, की १८४२ चा प्राथमिक शाळांचा कायदा येण्याच्या खूप आधी स्वीडनमधले बहुतेक लोक वाचू शकत होते. वाचू, लिहू नाही. कारण देवाचं वचन वाचायला लेखणी लागत नाही.

पण इथेच थांबा. वाचनाच्या रकान्यातली खूण नक्की काय मोजते? तोंडपाठ पुस्तक समोर धरून 'वाचणारा' माणूस आणि नवा मजकूर वाचणारा माणूस, दोघांना तीच खूण मिळू शकते. शिवाय खुणा पाद्र्यागणिक बदलायच्या. पाद्री बदलला आणि गाव अचानक हुशार झालं, असं ग्राफमध्ये दिसलं तर गावाचं अभिनंदन करू नका. (माझ्या जन्मवजनांच्या डेटात २.५ किलोवर उंच सुळका आहे. तो बाळांमुळे नाही, रजिस्टर भरणाऱ्या हातामुळे आहे, हे कळायला मला चार महिने लागले.)

हे सगळं जुनं वाटतंय? स्वीडनमध्ये नागरिकांची नोंदणी ३० जून १९९१ पर्यंत चर्चकडेच होती. दुसऱ्या दिवसापासून ती कर खात्याकडे गेली. चर्च आणि सरकार वेगळे झाले ते २००० साली. म्हणजे आज पस्तिशीपुढच्या स्वीडिश माणसाची पहिली सरकारी नोंद पॅरिशच्या कार्यालयात झालेली असते, तो चर्चमध्ये पाऊल टाको न टाको. अशा सलग नोंदींमुळेच २०१८ साली उप्साला भागातल्या ११ हजारांवर नातवंडांवर हा अभ्यास पुन्हा करता आला. आजोबांचं अन्न आणि नातवांचा एकूण मृत्यूदर यांचा संबंध तिथेही दिसला, कर्करोगात ठळक. नातींत मात्र नाही. मधुमेह आणि हृदयविकाराचे निष्कर्ष काही पुन्हा मिळाले नाहीत. ओव्हरकालिक्सच्या अभ्यासांत माणसं काहीशेच होती, हे कॉन्फरन्समध्ये कुणी सांगत नाही.

वह्यांचा आणखी एक वाचक होता, आणि त्याच्याबद्दल मला मॅडमनीच वाचायला लावलं. १९२२ साली उप्सालामध्ये सरकारी वंशजीवशास्त्र संस्था सुरू झाली. तिचे प्रमुख हरमन लुंडबोर्ग यांनी उत्तरेच्या सामी लोकांची मोजमापं घेतली, फोटो काढले, वंशावळी जुळवल्या. वंशावळी चर्चच्या वह्यांतूनच. पाद्र्यांनी मदतही केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये उप्साला कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप आंत्ये याकेलेन यांनी चर्चच्या वतीने सामींची माफी मागितली, त्यात या सहभागाचाही समावेश होता.

पाद्र्यासमोर उभं राहून आज्ञा म्हणणाऱ्या सामी बाईला लुंडबोर्ग माहीत असायचं कारण नव्हतं, आणि मीही. माझ्या एथिक्स फॉर्मवर "दुय्यम डेटा, संमतीची गरज नाही" या चौकटीत टिक आहे. नियमाने ती बरोबरच आहे, म्हणून ती खोडली नाही. तिच्याखाली तीन ओळी वाढवल्या: हे रजिस्टर कोण भरतं, कशासाठी भरतं, आणि ज्यांची नावं त्यात आहेत त्यांना काय सांगितलेलं असतं. तिसरी ओळ लिहायला मला दोनदा आरोग्य केंद्रात जावं लागलं.