कर-परताव्याच्या वापराविषयीची कुटुंब-सर्वेक्षणे

सरकारने करदात्यांना परत केलेल्या रकमेचे कुटुंबांनी काय केले, हे त्यांच्याकडूनच जाणून घेण्यासाठी घेतलेल्या नमुना पाहण्यांना कर-परताव्याच्या वापराविषयीची कुटुंब-सर्वेक्षणे असे म्हणता येईल. रक्कम खर्च झाली, शिल्लक पडली की तिच्यातून कर्ज फेडले गेले, हा या पाहण्यांचा मुख्य विषय असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ.स. २००१, २००८ आणि २०२० मध्ये वाटलेल्या रकमांविषयी असा अभ्यास विशेष झाला. एकाच परताव्याविषयी निरनिराळ्या पद्धतींनी काढलेले अंदाज बरेच वेगळे आल्यामुळे, कुटुंबाला प्रश्न कसा विचारावा हाच अर्थशास्त्रातील एक वादाचा विषय बनला.

संकल्पना

येथे कर-परतावा म्हणजे मागणी वाढावी या हेतूने सरकारने खास निर्णय घेऊन दिलेली रक्कम. जादा कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, तो परतावा यात अभिप्रेत नाही. भारताच्या आयकर कायद्यानुसार मिळणारी सूटही वेगळी आहे. तिच्यामुळे देय कर कमी होतो, परंतु करदात्याच्या हाती स्वतंत्र धनादेश पडत नाही.

सैद्धान्तिक पार्श्वभूमी

हाती आलेल्या प्रत्येक जादा रुपयातील किंवा डॉलरमधील जो भाग खर्च होतो, त्याला सीमांत उपभोग प्रवृत्ती म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स यांच्या विचारानुसार उत्पन्न वाढले की उपभोगही वाढतो, मात्र उत्पन्नाइतका वाढत नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या स्थायी उत्पन्नाच्या सिद्धान्तानुसार कुटुंब आपला खर्च दीर्घकालीन उत्पन्नाकडे पाहून ठरवते. त्यामुळे एकदाच मिळालेल्या रकमेचा थोडाच भाग ते लगेच खर्च करील.

हा मतभेद केवळ पुस्तकी नाही. सरकार असा परतावा बहुधा कर्ज काढून देते. रक्कम खर्च झाली नाही, तर दुकानदाराची विक्री आणि कामगाराचा रोजगार वाढवण्याचा मूळ हेतू त्या प्रमाणात अपुरा राहतो.

थेट प्रश्नाची पद्धत

मिशिगन विद्यापीठाचे ग्राहक सर्वेक्षण जॉर्ज कटोना यांनी १९४० च्या दशकात सुरू केले. त्याच विद्यापीठातील मॅथ्यू शपिरो आणि जोएल स्लेमरॉड या अर्थशास्त्रज्ञांनी परताव्याविषयीचे प्रश्न या सर्वेक्षणात जोडले. परताव्यामुळे तुमचा मुख्यतः खर्च वाढेल, मुख्यतः बचत वाढेल की मुख्यतः कर्ज फिटेल, असा प्रश्नाचा आशय होता.

२००१ च्या करकपातीत उत्पन्नाच्या पहिल्या टप्प्यावरील कराचा दर १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आला. एकट्या करदात्यासाठी हा टप्पा ६,००० डॉलरचा होता. त्यावरील ५ टक्क्यांची बचत, म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर, आगाऊ धनादेशाने देण्यात आली. विवाहित जोडप्याला ६०० डॉलरपर्यंत रक्कम मिळाली. मुख्यतः खर्च वाढवू, असे सांगणारी कुटुंबे सुमारे २२ टक्केच निघाली. २००८ च्या परताव्याच्या वेळी हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. ३२ टक्क्यांनी बचतीचा, तर ४८ टक्क्यांनी कर्जफेडीचा पर्याय सांगितला.

‘मुख्यतः’ या शब्दाची अडचण

वरील २० टक्क्यांचा अर्थ परताव्याची २० टक्के रक्कम खर्च झाली, असा होत नाही. हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. तीन कुटुंबांना प्रत्येकी ६०० डॉलर मिळाले. पहिल्याने ५०० डॉलर खर्च करून १०० शिल्लक टाकले. दुसऱ्याने २०० खर्च करून ४०० चे कर्ज फेडले. तिसऱ्याने २०० खर्च करून ४०० बँकेत ठेवले. मुख्यतः खर्च केला, असे तिघांपैकी एकच कुटुंब सांगेल. प्रत्यक्षात मात्र १,८०० पैकी ९०० डॉलर, म्हणजे निम्मी रक्कम, बाजारात गेली. याच कारणाने शपिरो आणि स्लेमरॉड यांनी २००८ च्या उत्तरांवरून खर्च झालेला वाटा एक पंचमांश न धरता सुमारे एक तृतीयांश धरला.

२०२० मध्ये कोविड साथीच्या काळात प्रत्येक प्रौढ व्यक्तीला १,२०० डॉलरपर्यंत रक्कम देण्यात आली. त्या वेळच्या एका मोठ्या सर्वेक्षणात दोन्ही प्रकारची माहिती मिळाली. बहुतांश रक्कम खर्च केली किंवा करणार आहोत, असे सांगणारे केवळ १५ टक्के होते. तरीही रकमेचा सरासरी वाटा पाहता सुमारे ४० टक्के खर्च, ३० टक्के बचत आणि ३० टक्के कर्जफेड अशी विभागणी दिसली.

खर्चाच्या नोंदींची पद्धत

दुसऱ्या पद्धतीत कुटुंबाचा हेतू विचारला जात नाही. अमेरिकेच्या ग्राहक खर्च सर्वेक्षणात कुटुंबांच्या दर तीन महिन्यांनी मुलाखती घेऊन किराणा, कपडे, वाहन इत्यादींवरील खर्च नोंदवला जातो. परतावा केव्हा आणि किती मिळाला, एवढाच प्रश्न त्यात वाढवण्यात आला.

२००१ चे धनादेश सुमारे दहा आठवडे टप्प्याटप्प्याने रवाना झाले. कोणाचा धनादेश कोणत्या आठवड्यात निघणार, हे करदात्याच्या सामाजिक सुरक्षा क्रमांकातील शेवटून दुसऱ्या अंकावर ठरले. या अंकाचा कुटुंबाच्या उत्पन्नाशी वा स्वभावाशी काहीच संबंध नसल्याने आधी आणि नंतर रक्कम मिळालेल्या कुटुंबांची तुलना करणे शक्य झाले. डेव्हिड जॉन्सन, जोनाथन पार्कर आणि निकोलस सूलेलेस यांच्या २००६ च्या अभ्यासानुसार, रक्कम मिळाली त्या तिमाहीत तिचा २० ते ४० टक्के भाग बिगर-टिकाऊ वस्तूंवर खर्च झाला. पुढील तिमाही धरता हे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश झाले. २००८ साठी, वाहनांसारख्या टिकाऊ वस्तू धरून, ५० ते ९० टक्के असा मोठा अंदाज निघाला होता. मात्र त्याच माहितीच्या अलीकडील फेरविश्लेषणांत तो बराच खाली आला. त्यामुळे ही पद्धतही निर्विवाद नाही.

कर कमी कापणे आणि रक्कम एकदम देणे

१९९२ मध्ये अमेरिकेत वेतनातून दरमहा कापला जाणारा कर कमी करण्यात आला. वर्षाचा एकूण कर तेवढाच राहिल्याने पुढील वर्षीचा परतावा घटणार होता. सिद्धान्तानुसार यातून खर्च वाढायला नको. तरीही जादा वेतनाचा बहुतांश भाग खर्च करू, असे ४३ टक्के उत्तरदात्यांनी सांगितले. उलट २००९ मध्ये करसवलत दरमहाच्या वेतनातून देण्यात आली, तेव्हा मुख्यतः खर्च वाढला असे केवळ १३ टक्के कुटुंबांनी सांगितले. २००८ च्या एकरकमी देण्याविषयी तशाच तुलनेत हे प्रमाण २५ टक्के आढळले.

मर्यादा

पैशाला ओळख नसते, ही अशा सर्वेक्षणांपुढील मुख्य अडचण आहे. धनादेशातून क्रेडिट कार्डाची थकबाकी भरणारे कुटुंब पुढच्याच आठवड्यात त्याच कार्डावर किराणा घेऊ शकते. विचारल्यावर ते कर्जफेड असे प्रामाणिकपणे सांगेल, पण महिनाअखेर त्याचे कर्ज कमी झालेले नसेल. उलट, परताव्यातून घेतलेले शालेय साहित्य एरवीही घेतलेच गेले असते, तर तो वाढीव खर्च ठरत नाही. परतावा मिळाला नसता तर काय केले असते, हे उत्तरदात्याला कल्पनेनेच ठरवावे लागते.

कोणती कुटुंबे अधिक खर्च करतात, याविषयीही एकमत नाही. २००१ च्या थेट प्रश्नांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा खर्चाकडे अधिक कल दिसला नाही. खर्चाच्या नोंदींत मात्र कमी उत्पन्न आणि तुटपुंजी शिल्लक असलेल्या कुटुंबांचा प्रतिसाद अधिक आढळला. मदत कोणाला द्यावी, या निर्णयाशी हा फरक थेट जोडलेला आहे.

मागणी वाढवणे हे एकच उद्दिष्ट मानले, तर कर्जफेड व बचत हे परताव्याचे अपयश ठरते. पण कुटुंबाच्या दृष्टीने थकबाकी कमी होणे किंवा आजारपणासाठी चार पैसे गाठीला राहणे हाही लाभच आहे. म्हणून सर्वेक्षणातील टक्केवारी वाचताना प्रश्न काय होता, तो रक्कम मिळण्यापूर्वी विचारला की नंतर, आणि टक्केवारी कुटुंबांची आहे की पैशाची, या तीन गोष्टी पाहणे आवश्यक ठरते.