प्रथिनांवरचा गंज

श्रोतेहो, विळा पावसात राहिला की गंजतो, हे तुम्ही जाणताच. लोखंडाला प्राणवायू चिकटतो, तोच गंज. शरीरातल्या प्रथिनांवरही प्राणवायूचा असाच मारा होतो. पण तो ओळखायचा कसा? तर वजन करून! मेथिओनिन हा प्रथिनांचा एक घटक. त्याला प्राणवायूचा एक अणू चिकटला, की वजन सुमारे 16 हायड्रोजन अणूंइतकं वाढतं. ते मोजणारा तराजू म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. त्याच्या एका प्रकारात विद्युतभारित रेणूंना निर्वात नळीतून पळवतात; भार सारखा असला, तर हलका आधी पोचतो, जड मागून.

पूर्वी प्रथिनं उडवतानाच मोडत. अमेरिकेचे जॉन फेन यांनी विद्युत्-फवाऱ्यानं आणि जपानचे कोइची तानाका यांनी लेसर किरणांनी ती अखंड उडवली. 2002 सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघंही वाटेकरी होते.

एक मेख मात्र आहे बरं का. नमुना हाताळतानाही हवेनं गंज चढतो! म्हणून मूळचा कोणता आणि मागाहून चढलेला कोणता, हे आधी पारखावं लागतं.