अंगठा उमटला नाही तर?

पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन हे कुष्ठरुग्णांसाठीचे केंद्र आहे. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. मात्र निदानाला उशीर झाला, तर हातांची गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. चटका बसलेला कळत नाही, जखमा होतात, बोटे आखडतात. ‘बोट टेकवले की ॲप उघडते, याहून सोपे काय?’ हा लॉगिनबद्दलचा सर्वांत घट्ट गैरसमज अशा हातांपुढे टिकत नाही. ठसा पुसट असल्याने यंत्र ओळखत नाही, आणि बटण बारीक असल्याने बोट भलतीकडेच पडते. बांधकामावर राबणाऱ्यांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे ठसेही असेच झिजलेले असतात.

‘कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावा’ ही पडताळणीही त्यातलीच. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सांगून न्यायालयाने केवायसीबाबत, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या प्रक्रियेबाबत, २० निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या आणि सेवा तपासून पाहताना दृष्टिहीनांनाही सामील करा, हे त्यांतलेच. यातला दुसरा निर्देश मला अधिक मोलाचा वाटतो. ज्याला अडते, तोच नेमकी अडचण दाखवू शकतो.

पासवर्ड जितका किचकट तितका सुरक्षित, असेही मानले जाते. एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर तीन महिन्यांनी नवा. या पद्धतीचा पाया अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या जुन्या मार्गदर्शिकेत होता. त्याच संस्थेने २०१७ मध्ये ही सक्ती मागे घेतली. सक्ती केली की लोक पासवर्डच्या शेवटी १ किंवा @ जोडतात, नाहीतर तो वहीत लिहून ठेवतात. लांब पासवर्ड आणि तो पेस्ट करण्याची मुभा, हे जास्त उपयोगी. पेस्ट बंद केल्याने चोर अडत नाही. अडतो तो पासवर्ड मॅनेजर वापरणारा आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर एकेक अक्षर ऐकत टाइप करणारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या जागतिक निकषांनुसार तर लॉगिनला स्मरणशक्तीची किंवा कोडे सोडवण्याची परीक्षा हा एकमेव मार्ग असता कामा नये.

कॅप्चाचेही तेच. वेडीवाकडी अक्षरे फक्त माणसालाच वाचता येतात, हे आता खरे राहिलेले नाही. आपली यंत्रणा अशी सर्वांत अवघड अक्षरेही ९९.८ टक्के अचूक वाचते, असे गूगलनेच २०१४ मध्ये जाहीर केले होते. सोबत आवाजाचा पर्याय दिला तरी बहिरेपण आणि अंधत्व दोन्ही असलेल्या माणसापर्यंत तो पोहोचत नाही.

‘हे सगळे मूठभरांसाठी’ असे म्हणणाऱ्यांनी २०११ ची जनगणना पाहावी. देशात २.६८ कोटी दिव्यांग, त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख. तेव्हा दिव्यांगत्वाचे आठच प्रकार मोजले होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ आहेत आणि त्यांत कुष्ठरोगमुक्त व ॲसिडहल्लाग्रस्तही येतात. शिवाय पनवेलहून हार्बरची लोकल पकडण्याआधी मोबाइलवर तिकीट काढणाऱ्याचाही एक हात पिशवीत गुंतलेला असतो आणि पडद्यावर ऊन पडलेले असते. जुलै २०२५ मध्ये आलेल्या रेलवन ॲपमध्ये लॉगिनला छोटा पिन किंवा बायोमेट्रिक, असे दोन मार्ग आहेत. मुद्दा तोच: वाट एकच ठेवू नये.

खर्चाची भीतीही अवास्तव आहे; लागणारे बदल साधेच आहेत. रकान्याचे नाव आतल्या फिकट अक्षरांत न देता वर ठळक लिहावे, कारण टाइप करू लागताच आतले नाव नाहीसे होते. ओटीपीला सहा चौकटींऐवजी एकच रकाना पुरतो. चूक लाल रंगाने न दाखवता शब्दांत आणि मराठीत सांगावी. आडनाव सक्तीचे करू नये, कारण अनेक जण ते लावत नाहीत. मग फोनमधला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू करून, डोळे मिटून आपल्याच ॲपमध्ये खाते उघडून पाहावे.

तरीही एखादी सेवा वापरता येत नसेल, तर पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. तक्रारीसोबत अडलेल्या पडद्याचा स्क्रीनशॉट, तारीख आणि ॲपची आवृत्ती जोडावी.