नोकरीनंतरची नोकरी

दिवसाची नोकरी सांभाळून संध्याकाळी, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी आणखी एक काम धरायचे आणि त्याचा पैसा कर्जाच्या हप्त्यात घालायचा, ही रीत महाराष्ट्रातल्या शहरांना नवी नाही. ‘मूनलायटिंग’ हा शब्द मराठी घरांत पोचला तो २०२२ च्या सुमारास. त्याआधी लोक साधे ‘पार्ट टाइम’ म्हणत. हार्डवेअरच्या दुकानात रात्री टॅलीत नोंदी करणारा कारकून, सोसायटीच्या गेटवर दुसरी ड्युटी काढणारा वॉचमन, विम्याचा एजंट, खोलीत शिकवण्या घेणारी पदवीधर मुलगी, साड्यांना फॉल-पिको करून देणारी शेजारीण ही सगळी मंडळी याच वर्गातली. गंमत अशी की शेतकऱ्याने दोन म्हशी पाळल्या तर त्याला जोडधंदा म्हणतात आणि त्यासाठी सरकारी योजना असतात. नोकरदाराने पगाराला जोड शोधली की मात्र कंपनी खुलासा मागते.

मुंबईच्या गिरणगावात ही जोड बहुधा घरातल्या बाईच्या हातची असे. नवऱ्याच्या पगारात भागत नसले की ती गावाकडून एकट्या आलेल्या गिरणीकामगारांना जेवण घाले. कामगार पगार झाल्यावर पैसे देई. तोवर तांदूळ, डाळ, तेल किराणा दुकानातून उधारीवर येई आणि उधारी चुकती करायला सावकार गाठावा लागे. घरची चणचण भागवायला निघालेली खाणावळ अशी स्वतःच कर्जावर चाले. पहाटेपासून रात्रीपर्यंत पोळ्या लाटूनही बाईच्या गाठीला पैसा राहत नसे, कारण मिळकत व्याजात जाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या खाणावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. काम पूर्वीइतकेच होते, व्याज मात्र उतरले, आणि म्हणून पैसा उरू लागला. दुसऱ्या नोकरीचा आजचा हिशेबही इथूनच मांडावा लागतो. किती मिळाले यापेक्षा ते कोणत्या दराच्या कर्जाला लागले, यावर सगळे अवलंबून असते.

एक उदाहरण घेता येईल. क्रेडिट कार्डावर १ लाख रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. पहिल्या महिन्याचे व्याज ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये, म्हणजे ४,१३० रुपये झाले. कार्डधारकाने ५,००० रुपये भरले तर मुद्दलातून फक्त ८७० रुपये वजा होतात. कार्ड कुठेही न वापरता दरमहा तेवढीच रक्कम भरत राहिल्यास कर्ज फिटायला ४४ महिने लागतात आणि जवळपास २ लाख १६ हजार रुपये जातात. आता याच माणसाने संध्याकाळच्या कामातून ६,००० रुपये मिळवले आणि ते जसेच्या तसे कार्डात भरले, तर महिन्याचा भरणा ११,००० होतो. कर्ज बाराव्या महिन्यात संपते आणि एकूण १ लाख २८ हजारांच्या आसपास भरावे लागतात. वर्षभराच्या संध्याकाळी खर्ची पडल्या, पण ८८ हजार रुपये वाचले. साडेआठ-नऊ टक्के दराच्या गृहकर्जात तेच ६,००० घातले तर फायदा होतो, पण फार सावकाश. त्यासाठी रात्रीची झोप मोडण्यात शहाणपण नाही.

म्हणून अनेक कर्जे असलेल्या माणसाने वरचा पैसा सगळीकडे थोडाथोडा वाटू नये. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते वेळेवर जाऊ द्यावेत आणि जादा रक्कम एकाच, सर्वांत चढ्या व्याजाच्या कर्जावर ओतावी. काही सल्लागार सर्वांत लहान कर्ज आधी संपवायला सांगतात. त्यात हुरूप वाढतो हे खरे, पण हिशेबाने पाहिले तर पहिली रीत सरस. याला एक व्यवहारी अपवाद आहे. मेहुण्याकडून घेतलेल्या हातउसन्या रकमेवर व्याज शून्य असते, तरी ती लांबली की सणासुदीला जाणे-येणे अवघड होते. ते कर्ज कुठल्या क्रमाने फेडावे हे गणिताच्या पुस्तकात सापडणार नाही.

दुसरे काम शोधण्याआधी दोन गोष्टी तपासणे फायद्याचे. पहिली म्हणजे महाग कर्ज स्वस्त करता येते का. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे कर्ज किंवा सोने तारण ठेवून घेतलेले कर्ज कार्डाच्या दरापेक्षा पुष्कळ खाली असते. मात्र पतसंस्थेचा हप्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे मालक पगारातूनच कापून देतो, त्यामुळे हाती येणारा पगार आणखी रोडावतो. दुसरी गोष्ट ओव्हरटाइम. कारखान्यात ठरलेल्या तासांपुढच्या कामाला नेहमीच्या दुप्पट दराने मजुरी देण्याचे कायद्याचे बंधन आहे. ओळखीचे यंत्र, ओळखीची पाळी आणि दुप्पट दर, एवढे गेटबाहेरच्या कामात सहसा मिळत नाही.

बाहेरच्या कामाचा भाव ठरवताना आलेला पैसा आणि उरलेला पैसा यांत गल्लत होते. दुचाकीवरून घरपोच जेवण पोचवण्याचे काम पाहा. समजा, संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत अ‍ॅपवर ४०० रुपये जमा झाले आणि गाडी ६० किलोमीटर पळाली. लिटरला ४५ किलोमीटर धरले तर सव्वा लिटरच्या वर, म्हणजे १३०-१४० रुपयांचे पेट्रोल जळते. टायर, ब्रेक, ऑइल, सर्व्हिसिंग यांसाठी किलोमीटरमागे रुपया बाजूला टाकला तर ६० गेले. एक वडापाव आणि दोन कटिंगचे ३० धरले की हाती १७० उरतात. महिन्याच्या २६ संध्याकाळी भरल्या तर अ‍ॅप १०,४०० दाखवते आणि हप्त्याला लागतात साडेचार हजारांच्या आत. खासगी वापरासाठी काढलेला विमा भाड्याच्या कामात झालेल्या अपघाताची भरपाई नाकारू शकतो, हे यात धरलेलेच नाही. पॉलिसीचा तो मजकूर गाडी बाहेर काढण्याआधी वाचलेला बरा.

पार्ट टाइम हिशेबनीसाचे गणित निराळे आहे. त्याचे भांडवल म्हणजे टॅलीचे ज्ञान आणि दुकानदाराचा विश्वास. तो आठला मेडिकलमध्ये जातो, काउंटरमागच्या स्टुलावर बसतो, बिलांचा गठ्ठा सोडवतो, खरेदी आणि विक्री जुळवतो आणि साडेनऊला उठतो. दुसऱ्या दिवशी दुसरे दुकान. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या दुकानदारासाठी महिन्याची ११ आणि २० तारीख महत्त्वाची. जीएसटीची विक्रीची माहिती ११ पर्यंत आणि कर भरण्याचे विवरण २० पर्यंत जायला हवे असते. तो आठवडा जड जातो, बाकीचा महिना सुसह्य असतो. चार दुकानांनी समजा तीन-तीन हजार दिले तर १२ हजारांतले बहुतेक सगळे हाती राहतात. जिथे आपलेच कसब विकले जाते तिथे खर्च कमी, आणि जिथे आपली गाडी नि आपले पेट्रोल विकले जाते तिथे जास्त, असा हा साधा फरक आहे. शिकवणी, भाषांतर, टायपिंग, शिवण, गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी ही कामे पहिल्या गटात येतात. मोदक आणि फराळ वर्षभर चालत नाहीत, पण एका हंगामाचा ठोक पैसा एकरकमी कर्जात भरला तर त्याचा परिणाम चांगलाच दिसतो.

कायद्याने दुसरी नोकरी सरसकट गुन्हा नाही. बंधने ठिकठिकाणी विखुरलेली आहेत. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ६० ने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यास मनाई केली. २०२० च्या कामगारविषयक संहितेत तीच मनाई आधीच्या १२ तासांत दुसरीकडे काम केलेले असण्याशी जोडली आहे. औद्योगिक आस्थापनांच्या नमुना स्थायी आदेशांत मालकाच्या हिताला बाधा येईल अशी जादा नोकरी करू नये, असे कलम आहे. सरकारी कर्मचाऱ्याला वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा किंवा नोकरी करता येत नाही. अधूनमधून केलेल्या साहित्यिक किंवा कलाविषयक कामाला सूट असते. शिक्षकांना तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ ने खासगी शिकवणी घेण्यास बंदी आहे, आणि ती मोडली जाते हे सर्वांना ठाऊक आहे.

खासगी कंपनीत कळीचा कागद म्हणजे नेमणूकपत्र. पूर्ण वेळ सेवेचे कलम त्यात बहुतेक असते आणि सही करताना ते कोणी वाचत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचे सांगितले. त्याच वर्षी स्विगीने आपल्या कर्मचाऱ्यांना काही अटींवर बाहेरची कामे करण्याची मुभा देणारे धोरण आणले. दोन पगारी नोकऱ्या लपवणे आता अवघड झाले आहे. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक एकच असतो आणि पासबुकात एकाच महिन्यात दोन आस्थापनांची वर्गणी दिसली की प्रश्न विचारला जातो. लेखी परवानगी मागण्याचा मार्ग पुष्कळांना भाबडा वाटतो. पण काम प्रतिस्पर्ध्याचे नसेल, कार्यालयीन वेळ आणि कंपनीचा लॅपटॉप त्यात अडकत नसेल, तर मागून पाहण्यासारखा मार्ग तोच आहे. कर्ज फेडायला घेतलेल्या दुसऱ्या नोकरीपायी पहिली गेली तर हप्ता कशातून भरणार?

कराचा भाग थोडक्यात असा. दोन्ही मालक आपापल्यापुरता पगार पाहतात, दोघेही प्रमाणित वजावट देतात आणि कमी कर कापतात. वजावट प्रत्यक्षात एकदाच मिळते, म्हणून विवरणपत्र भरताना अचानक मोठी रक्कम निघू शकते. एका मालकाला दुसऱ्या पगाराची माहिती दिली तर तो एकत्रित हिशेबाने कर कापतो. वर्षाचा देय कर कापलेला कर वजा जाता १० हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. ही रक्कम आधी बाजूला न काढता सगळे हप्त्यात घातले की जुलैत कर भरायला नवे कर्ज काढायची पाळी येते.

तासांचा हिशेब पैशांइतकाच कडक आहे. कल्याण किंवा विरारहून मुंबईत येणाऱ्याचे आठ-नऊ तास कामात आणि तीन तास लोकलमध्ये जातात. त्यावर चार तासांचे दुसरे काम चढवले की दिवसाचे पंधरा-सोळा तास संपले. उरलेल्या आठ-नऊ तासांत झोप, अंघोळ, जेवण आणि मुलांचा अभ्यास बसवावा लागतो, आणि त्यांत सर्वांत आधी झोपेला कात्री लागते. रात्री उशिरा गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत ही कात्री थेट जिवावर येऊ शकते. असे जीवन सहा महिने किंवा वर्षभर निभते, बेमुदत निभत नाही. म्हणून काम सुरू करतानाच ते कोणत्या महिन्यात थांबवायचे हे कर्जाच्या रकमेवरून ठरवून कॅलेंडरवर मांडलेले बरे. दुसरा पगार वेगळ्या खात्यात घ्यावा आणि दुसऱ्याच दिवशी कर्जात वळवावा. एकाच खात्यात आला की तो नव्या मोबाइलच्या हप्त्याला लागतो आणि मग दुसरी नोकरी कायमची होते.

कर्जात बुडालेला माणूस फसवणाऱ्यांच्या सहज नजरेत येतो. व्हिडिओला लाइक दिल्याबद्दल पैसे देऊ, घरबसल्या डेटा एंट्री देऊ, असे निरोप मोबाइलवर येतात. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरेच जमा होतात, मग मोठ्या ‘टास्क’साठी आधी पैसे भरायला सांगितले जाते आणि ते परत येत नाहीत. काम देण्याआधी नोंदणी, किट किंवा अनामत मागणारा नोकरी देत नसतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे खात्यांमधून पुढे सरकलेले असतात.

वसुलीच्या तगाद्यालाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार वसुली एजंटने थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. सावकारासाठी महाराष्ट्रात २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि परवानाधारक सावकारालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. दामदुप्पट म्हणून जुन्या काळापासून ओळखला जाणारा नियम तो हाच. बँकेच्या कार्डाला तो लागू नाही.

शेवटचा हप्ता गेल्यावर बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला लेखी घ्यावा आणि काही आठवड्यांनी पतअहवालात कर्ज बंद दिसते की नाही ते पाहावे. घर तारण असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मूळ कागदपत्रे पूर्ण परतफेडीपासून ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.