न उठणारा संगणक



संध्याकाळच्या वेळीं जासईवरून जो कधीं गेला असेल, त्यानें न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरगाड्यांची रांग पाहिली असेलच. या गाड्या जशा डिझेलवर चालतात तशाच कागदांवरहि चालतात. आणि ते कागद आतां संगणकांत राहूं लागले आहेत. मालवाहतुकीच्या कचेरीचे हिशेब संगणकांत. घरांतले सातबाराचे उतारे, जमीन-संपादनाच्या नोटिसा, मोबदल्याचे अर्ज यांच्या प्रतीहि संगणकांत. दि. बा. पाटील यांच्या या गांवीं आणि न्हावा-शेव्याला १९८४ च्या जानेवारींत जमिनीच्या मोबदल्यासाठीं आंदोलन झालें, आणि त्यांत पांच जणांनीं प्राण वेंचले. अशा ठिकाणीं कागदाची किंमत मीं सांगावी असें नाहीं.

आतां अशी कल्पना करा कीं, शनिवारची संध्याकाळ आहे. संगणक विचारतो, 'फर्मवेअरची नवी आवृत्ति आली आहे, बसवूं का?' आपण 'होय' म्हणतों. यंत्र बंद होतें, पुन्हा चालू होतें, आणि पडदा काळा तो काळाच राहतो. मालकाच्या तोंडून पहिला उद्गार निघतो, 'गेलें सगळें!' हा उद्गार बहुतेक वेळां खोटा असतो. तो खोटा कां, आणि क्वचित् खरा कां ठरतो, हें आज सांगावयाचें आहे.

आधीं फर्मवेअर म्हणजे काय तें पाहूं. मोठें जहाज न्हावा-शेव्याला केवळ आपल्या कप्तानाच्या भरंवशावर धक्क्याला लागत नाहीं. बंदराचा पायलट समुद्रांत जाऊन जहाजावर चढतो. पाण्यांतली वाट त्याला पाठ असते. त्याच्या मार्गदर्शनानें जहाज धक्क्याला लागतें, तो उतरून जातो, आणि मग क्रेनचें काम सुरू होतें. फर्मवेअर हा संगणकाचा पायलट होय. मदरबोर्डावरील एका लहानशा चिपमध्यें हा कार्यक्रम लिहिलेला असतो. बटण दाबतांच तो जागा होतो, स्मृति तपासतो, डिस्क कोठें आहे तें शोधतो, आणि विंडोजच्या हातीं कारभार देऊन बाजूला होतो. आपले कागद असतात ते डिस्कवर; या चिपमध्यें नव्हे. पायलट आला नाहीं तर जहाज बंदराबाहेर उभें राहतें, पण म्हणून त्यावरील माल बुडाला असें कोणी म्हणत नाहीं.

मग नव्या आवृत्तीनें बिघाड कां व्हावा? कारणें मुख्यतः तीन. चिपवर नवें लिहिण्यासाठीं जुनें आधीं पुसावें लागतें. पुसणें झालें, लिहिणें अर्धें झालें आणि तेवढ्यांत वीज गेली, तर पायलट अर्धीच वाट शिकलेला राहतो. दुसरें कारण असें कीं, नव्या आवृत्तीबरोबर जुन्या नेमणुका कधीं कधीं मूळपदावर जातात. कोणत्या डिस्कवरून उठावयाचें, तिच्याशीं कोणत्या पद्धतीनें बोलावयाचें, हें यंत्र विसरतें. तिसरें कारण कुलुपाचें. त्याकडे मागाहून वळूं.

प्रथम उपाय म्हणजे कांहींच न करणें. नवी आवृत्ति बसल्यावर पहिल्या सुरुवातीला यंत्र आपल्या स्मृतीची जुळणी नव्यानें करतें. त्याला कित्येक मिनिटें लागतात आणि तोंवर पडदा काळा असूं शकतो. अर्धा तास थांबावें. धडधडत्या छातीनें बटण दाबून पुष्कळांनीं चांगलीं यंत्रें स्वतःच बिघडविलीं आहेत.

अर्ध्या तासानेंहि कांहीं हालचाल नसेल, तर यंत्र बंद करून प्रिंटर, पेनड्राइव्ह वगैरे जोडलेलें सर्व काढावें. विजेची तार काढावी. आणि सुरू करण्याचें बटण वीस-तीस सेकंद दाबून धरावें. त्यानें आंत उरलेली वीज निघून जाते. मग तार लावून पुन्हा पाहावें. पडद्यावर कंपनीचें चिन्ह आलें तर पायलट जिवंत आहे असें समजावें. तेव्हां एफ-२ किंवा डिलीट, यंत्राच्या पुस्तिकेंत जी असेल ती कळ दाबून फर्मवेअरच्या पानावर जावें आणि डिस्क दिसते कीं नाहीं तें पाहावें. दिसत असेल तर ती सुरुवातीच्या क्रमांत पहिली करावी. बाकीच्या नेमणुका पाहाव्या, पण अंदाजानें बदलूं नयेत.

चिन्हहि येत नसेल, तर टेबलावरच्या संगणकाची तार काढून मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी, जिला दुकानांत सी-आर २०३२ म्हणतात, ती पांच मिनिटें काढून परत बसवावी. लॅपटॉप मात्र स्वतः उघडूं नये. त्यापुढचा मार्ग कंपनीनेंच ठेवलेला असतो. दुसऱ्या संगणकावर कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलची फाइल घ्यावी, सांगितल्या नांवानें पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि ठराविक कळा दाबून यंत्र सुरू करावें. एच-पीच्या पुष्कळ यंत्रांत विंडोज आणि बी, डेलच्या पुष्कळ यंत्रांत कंट्रोल आणि एस्केप अशा त्या कळा आहेत. हेंहि फळलें नाहीं तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत चिपवर चिमटा लावून फर्मवेअर पुन्हा लिहून देणारे कारागीर असतात. त्यांना एकच गोष्ट निक्षून सांगावी कीं, डिस्क पुसूं नका, विंडोज नव्यानें बसवूं नका. दोष पायलटाचा असतां माल समुद्रांत फेंकण्यांत अर्थ नाहीं.

आतां कुलुपाविषयीं. पुष्कळ नव्या संगणकांत डिस्कवरील मजकूर बिटलॉकर नांवाच्या कुलुपांत असतो, आणि मालकाला त्याचा पत्ताहि नसतो. एक सुरक्षा-चिप रोज फर्मवेअरचा ठसा पाहून कुलूप उघडते. फर्मवेअर बदललें कीं कधीं कधीं ठसा बदलतो. चिपला वाटतें, हा कोणी परका. मग निळ्या पानावर ४८ आंकडी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत, कचेरीच्या व्यवस्थापकाकडे किंवा छापलेल्या कागदावर असावयास हवी. ती कोठेंच नसेल, तर डिस्क शाबूत असूनहि आंतील सातबारा वाचतां येत नाहीं. जगांतला कोणताहि कारागीर तें कुलूप फोडून देऊं शकत नाहीं. 'गेलें सगळें' हा उद्गार खरा ठरतो तो येथें.

या बाबतींत जासईच्या शेजारींच घडलेली एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. २७ जून २०१७ रोजीं मेर्स्क या जहाजकंपनीचे जगभरचे संगणक एकाएकीं उठेनासे झाले, आणि तिच्या समूहाचें न्हावा-शेव्यांतील टर्मिनलहि अडलें. तें फर्मवेअर नव्हतें. युक्रेनमधील हिशेबाच्या एका कार्यक्रमाच्या नव्या आवृत्तींतून नॉटपेट्या नांवाचा विषाणु शिरला होता, आणि तो यंत्राच्या सुरुवातीची नोंदच बिघडवीत असे. कंपनीच्या मुख्य नियंत्रक संगणकांच्या सर्व प्रती नष्ट झाल्या. घाना देशांतील कचेरींतली एक तेवढी वांचली, कारण त्या वेळीं तेथें वीज गेलेली होती! त्या एका प्रतीवरून सारी व्यवस्था पुन्हा उभी राहिली. एवढ्या मोठ्या कंपनीला जें दैवानें दिलें, तें आपण चार पैशांच्या पेनड्राइव्हनें मिळवूं शकतों.

म्हणून फर्मवेअरला भिऊन तें बदलणेंच टाळावें असें नव्हे; त्यानें सुरक्षेचीं भोकें बुजतात. मात्र आधीं चार कामें करावीं. कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती बाजूला ठेवावी. ४८ आंकडी किल्ली शोधून कागदावर लिहावी आणि बिटलॉकर तेवढ्यापुरतें थांबवावें. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी व तार लावलेली असावी. टेबलावरचा संगणक यू-पी-एसवर असावा. आणि पावसाळ्यांत, वारा सुटून दिवे लुकलुकत असतां, हें काम मुळींच काढूं नये.

यंत्र आज ना उद्यां उठेल, किंवा नवें घेतां येईल. जो कागद पुन्हा मिळणार नाहीं त्याची प्रत आणि ती किल्ली मात्र उद्यांवर टाकूं नका; आज रात्रीं निजण्यापूर्वीच ठेवा, एवढी विनंति करून आपली रजा घेतों.