जोतिबाच्या यात्रेला जाताना

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर लाखो भाविक जमतात. अशा दाटीत मदत पोचायला वेळ लागतो. २००५ मध्ये मांढरदेवीच्या यात्रेतील चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक दगावले होते. म्हणून प्रत्येकाने कमरेला बांधता येईल अशी लहान पिशवी जवळ ठेवावी. तीत पाण्याची बाटली, जलसंजीवनीचे पाकीट, नेहमीची औषधे, शिट्टी, छोटी बॅटरी आणि गुलालापासून नाक-तोंड झाकण्यासाठी सुती रुमाल असावा. दमेकऱ्यांनी आपला पंप घ्यावाच. नाव, गाव, आजार, चालू औषधे व नातेवाइकाचा फोन लिहिलेली चिठ्ठी मात्र खिशात ठेवावी. पिशवी गर्दीत सुटू शकते. मुलांच्या खिशातही अशी चिठ्ठी घालावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर फोन करावा.